रीजन्सी रोमान्स कुठून सुरू करावा? आधी पुस्तकाचं साल पाहा

प्रश्न थोडक्यात असा. 'ब्रिजर्टन' मालिका पाहून मूळ पुस्तकं वाचावीशी वाटली, पहिलं घेतलं आणि निम्म्यावर सोडलं. दुकानात पाहावं तर शेकडो पुस्तकं, आणि सगळ्यांच्या मुखपृष्ठावर तोच घेरदार गाऊन नि तोच ड्यूक. 'स्वामी', 'राऊ' मनापासून वाचलेल्या माणसाने यातलं काय निवडावं, कोणत्या क्रमाने वाचावं आणि इंग्रजी अडलं तर काय करावं?

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण मराठी वाचक सर्वांत जास्त तिथेच फसतो. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत इतिहास हा कणा असतो आणि प्रेम त्याला धरून चालतं. माधवराव क्षयाने जाणार, रमाबाई सती जाणार हे ठाऊक असूनच आपण 'स्वामी' उघडतो. हिस्टॉरिकल रोमान्समध्ये उलटं असतं. इथे लेखिका वाचकाला सुरुवातीलाच शब्द देऊन बसलेली असते की ही दोघं शेवटी एकत्र येतील आणि सुखात राहतील. हा शब्द पाळला नाही तर ते पुस्तक ऐतिहासिक कादंबरी असेल, पण रोमान्स नव्हे. त्यामुळे 'पुढे काय होणार' ही उत्कंठा इथे शोधू नका. इथे सगळा खेळ 'कसं होणार' याचा असतो. मधे उभी असलेली भिंत खरी हवी आणि ती पडण्याचं कारण पटलं पाहिजे. चांगलं पुस्तक आणि टाकाऊ पुस्तक यांत फरक पडतो तो याच ठिकाणी.

रीजन्सी म्हणजे काटेकोर अर्थाने ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे राज्य चालवू शकत नव्हता, म्हणून युवराज रीजंट, म्हणजे राजाच्या जागी कारभार पाहणारा, झाला. कादंबऱ्या मात्र ही मर्यादा सैल धरतात आणि साधारण १७९५ ते १८३७ एवढा काळ या नावाखाली घालतात. आपल्या दृष्टीने पाहायचं तर लंडनमध्ये हे बॉल, म्हणजे नाचाचे समारंभ, चालू असताना इकडे नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. नायक 'इंडियात लढून परतलेला' असेल आणि साल १८०३ च्या पुढचं असेल, तर तो बहुधा मराठ्यांविरुद्धच लढलेला असतो. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी लढला होता. बऱ्याच कादंबऱ्या हा भाग एका वाक्यात उरकतात. आपल्याला ते वाक्य नुसतं वाचून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये.

आता निवडीकडे. कथा कोणत्या सालात घडते यापेक्षा पुस्तक कोणत्या सालात लिहिलं गेलं हे आधी पाहा. १८१५ च्या लंडनवर १९५०, १९७५, १९९५ आणि २०१५ मध्ये लिहिलेली चार पुस्तकं म्हणजे चार वेगळे साहित्यप्रकार समजा. मुखपृष्ठ, पाठमजकूर, तारांकन यांतून जे कळत नाही ते त्या एका आकड्यातून कळतं.

या प्रकाराला आजचं रूप दिलं जॉर्जेट हेयर यांनी. पहिली कादंबरी १९२१ ची, रीजन्सी काळावरची 'रीजन्सी बक' १९३५ ची, आणि लेखन १९७० च्या दशकापर्यंत. संवाद चटपटीत, कपडे, गाड्या आणि बोलीभाषा यांचा तपशील दाट, आणि शारीरिक जवळीक जवळजवळ शून्य. शेवटच्या दोन-चार पानांत एक चुंबन, बस्स. इंग्रजी मात्र कठीण. त्या काळची मध्यमवर्गीय इंग्रजी मतंही लेखनात उतरलेली आहेत. 'द ग्रँड सोफी' (१९५०) मधला ज्यू सावकाराचा प्रसंग आज वाचवत नाही, म्हणून पुस्तक कितीही लोकप्रिय असलं तरी सुरुवात त्याने करू नका.

दुसरा टप्पा १९७२ चा. मराठीत 'राऊ' आली त्याच वर्षी अमेरिकेत कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' थेट पेपरबॅक म्हणून निघाली आणि प्रचंड खपली. पुस्तकं जाडजूड झाली, शयनगृहाचं दार उघडलं आणि कथानक समुद्रापार गेलं. पण या पुस्तकाच्या सुरुवातीलाच नायक नायिकेवर बलात्कार करतो, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं ही गोष्ट या प्रकारात रूढ होऊन बसली. इतिहास म्हणून हा टप्पा माहीत असावा. नव्या वाचकाने तिथे पाऊल ठेवू नये.

१९९० च्या दशकात सूर बदलला. लोरेटा चेस यांची 'लॉर्ड ऑफ स्काउंड्रल्स' (१९९५) ही त्या काळातली सर्वांत भक्कम निवड. नायिका बुद्धीने नायकाच्या बरोबरीची आहे, आणि वेळ येते तेव्हा ती त्याच्यावर सरळ गोळी झाडते. २००० नंतर ज्युलिया क्विन, लिसा क्लेपस यांच्यामुळे भावंडांच्या आणि मैत्रिणींच्या मालिका आल्या. भाषा सोपी, विनोद मोकळा, इतिहास पातळ. २०१० नंतर संमती, स्त्रियांची मिळकत, मताधिकार, वंश हे प्रश्न कथेच्या पोटात शिरले. साल पाहायचं ते यासाठी.

साल कुठे पाहायचं? छापील पुस्तकात नावाच्या पानामागे, जिथे बारीक अक्षरांत कॉपीराइटचा मजकूर असतो. तिथे दोन-तीन तारखा असतील. त्यांतली सर्वांत जुनी ती खरी, बाकीच्या नव्या आवृत्त्यांच्या. ई-बुकमध्ये हे पान कधी कधी पार शेवटी ढकललेलं असतं. विक्रीच्या पानावरची 'प्रकाशन तारीख' अनेकदा ई-आवृत्तीची असते. १९८४ चं पुस्तक २०१४ चं म्हणून समोर येतं, वर फिकट गुलाबी नवं मुखपृष्ठ, आणि आत जुनी जबरदस्ती. शंका आली तर गुडरीड्सवर पुस्तकाच्या तपशिलात 'फर्स्ट पब्लिश्ड' पाहा. फूटपाथवर, रद्दीच्या दुकानात किंवा अप्पा बळवंत चौकात जुन्या इंग्रजी पेपरबॅकांच्या गठ्ठ्यात हात घालताना हे हमखास करा, कारण त्या गठ्ठ्यांत १९८० च्या आसपासची पुस्तकं भरपूर असतात. आणखी एक. काही लेखिकांनी आपल्या जुन्या पुस्तकांतले असे प्रसंग नव्या आवृत्तीत स्वतःच बदलले आहेत. जुनी प्रत आणि आजचं ई-बुक शब्दशः एकच असेल असं धरून चालू नका.

तुमचं पहिलं पुस्तक अर्ध्यावर का सुटलं याचाही अंदाज यातून येतो. 'ब्रिजर्टन'चं पहिलं पुस्तक, ज्युलिया क्विन यांचं 'द ड्यूक अँड आय', २००० सालचं आहे. नवरा दारूच्या नशेत असताना बायको त्याच्या इच्छेविरुद्ध वागते असा एक प्रसंग त्यात आहे, आणि अनेक वाचक तिथेच थांबतात. मालिकेची पुस्तकं आठ, आठ भावंडांची, आणि प्रत्येक स्वतंत्रपणे वाचता येतं. पहिलं सोडून सरळ दुसरं, 'द व्हायकाउंट हू लव्हड मी' घ्या. पडद्यावरचा क्रमही पुस्तकांचा नाही. तिसरा सीझन चौथ्या पुस्तकावर आहे. आणि पडद्यावरची भारतीय केट शर्मा शोधत पुस्तकात गेलात तर निराशा होईल, कारण पुस्तकात ती इंग्लिश आहे आणि तिचं आडनाव शेफील्ड.

मग सुरुवात कशाने? 'स्वामी' आवडलेल्या वाचकाला बिचकत न सांगावं असं पुस्तक म्हणजे हेयर यांची 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' (१९६१). कर्जात बुडालेला व्हायकाउंट, श्रीमंत व्यापाऱ्याची साधीसुधी मुलगी, व्यवहाराने ठरलेलं लग्न. त्याचं मन दुसरीत गुंतलेलं आहे आणि हिला ते ठाऊक आहे. प्रेम लग्नानंतर, घर चालवता चालवता, त्याच्या आवडीनिवडी तिने लक्षात ठेवता ठेवता, हळूहळू येतं. इंग्रजी वाचकांत याबद्दल दोन तट आहेत. अनेकांना ते थंड वाटतं. ठरवून झालेली लग्नं घरात पाहिलेल्या मराठी वाचकाला त्यातली ऊब लगेच कळते. हेयर जड गेल्या तर 'फ्रेडरिका' (१९६५) घ्या. भावंडं, कुत्रा, हवेतला फुगा, आणि हळूहळू मऊ पडत जाणारा आळशी मार्क्वेस. 'कोटिलियन' (१९५३) सुंदर आहे, पण ती आधीची दोन-तीन पुस्तकं वाचून झाल्यावर उघडा. नायक कोण असावा या रूढ अपेक्षेलाच ती हुलकावणी देते, आणि अपेक्षाच तयार झालेली नसेल तर त्यातली गंमत निसटते.

सोपी भाषा आणि आजचा सूर हवा असेल तर एव्ही डनमोर यांची 'ब्रिंगिंग डाउन द ड्यूक' (२०१९). काळ १८७९, म्हणजे रीजन्सी नव्हे, व्हिक्टोरियन. ऑक्सफर्डमध्ये शिकायला आलेली गरीब मुलगी आणि स्त्रियांच्या मिळकतीच्या कायद्यासाठीची चळवळ. फक्त चाखून पाहायचं असेल तर कोर्टनी मिलन यांची 'द गव्हर्नेस अफेअर' (२०१२) ही लघुकादंबरी एका रविवारी संपते. ड्यूक-उमरावांचा कंटाळाच असेल तर बेव्हर्ली जेंकिन्स यांची 'इंडिगो' (१९९६) घ्या. गृहयुद्धापूर्वीची अमेरिका, पळून येणाऱ्या गुलामांना आसरा देणारी कृष्णवर्णीय नायिका. या प्रकारात इतिहास किती भरीव असू शकतो हे त्या पुस्तकातून कळतं.

वाचताना पहिल्या पन्नास पानांत गोंधळ होतो तो नावांचा. 'द ड्यूक अँड आय'चाच नायक पाहा. त्याचं नाव सायमन, आडनाव बॅसेट, पदवी ड्यूक ऑफ हेस्टिंग्ज. मित्र त्याला 'हेस्टिंग्ज' म्हणतो, नोकर 'युअर ग्रेस', बायको 'सायमन'. 'बॅसेट' सहसा कोणी म्हणत नाही. तीन माणसं आहेत असं वाटून वाचक मागची पानं चाळत बसतो. नागपूरकर भोसल्यांचा उल्लेख कागदपत्रांत नुसता 'सेनासाहेबसुभा' असा येतो, तसंच हे. दर्जाचा क्रम पाठच करून टाका: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. बॅरोनेट आणि नाइट हे 'सर' असतात, पण उमरावांत मोडत नाहीत. 'लेडी'नंतर स्वतःचं नाव आलं (लेडी मेरी) तर ती अर्ल किंवा त्यावरच्या दर्जाच्या माणसाची मुलगी असते. 'लेडी'नंतर पदवी किंवा आडनाव आलं तर ती कोणाची तरी बायको. ड्यूकच्या थोरल्या मुलाला बाप जिवंत असताना बापाचीच एखादी दुय्यम पदवी मानाने वापरायला मिळते. लिसा क्लेपस यांच्या 'डेव्हिल इन विंटर' (२००६) मधला लॉर्ड सेंट व्हिन्सेंट पुढच्या पिढीच्या पुस्तकांत ड्यूक ऑफ किंग्स्टन म्हणून येतो. माणूस तोच, बाप मेल्यामुळे नाव बदललेलं. पुस्तकातच मागे एका कोऱ्या पानावर पात्राची नाव, आडनाव, पदवी ही तीन खणांची यादी केलीत, तर दहा मिनिटांत हा त्रास कायमचा जातो.

दुसरी गोष्ट पैसा आणि कायदा, कारण बहुतेक कथानकं त्यावरच उभी असतात. उत्पन्न नेहमी वार्षिक सांगतात आणि भांडवलावर चार-पाच टक्के धरतात. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मधल्या बिंग्लीकडे सुमारे एक लाख पौंड आहेत आणि लोक त्याचं उत्पन्न वर्षाला चार-पाच हजार सांगतात, हिशेब जमतो. डार्सीचं दहा हजार, म्हणजे दुप्पट. हा मापदंड डोक्यात असला की दुसऱ्या कुठल्याही कादंबरीत 'वर्षाला तीनशे' म्हटल्यावर घरात किती नोकर परवडतील हे आपोआप कळतं. १७५३ च्या विवाह कायद्याने इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्या मुलामुलीला परवान्याने लग्न करायचं तर वडिलांची संमती लागायची. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. म्हणून पळून जाणारी जोडपी लंडनहून तीनशेहून अधिक मैल गाडी हाकत सरहद्दीवरच्या ग्रेटना ग्रीनला जातात. १८५७ पर्यंत पुनर्विवाहाची मोकळीक देणारा पूर्ण घटस्फोट पार्लमेंटचा खासगी कायदा करूनच मिळायचा, म्हणजे तो अतिश्रीमंतांचाच मार्ग. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांआधी लग्न झालं की बायकोचा रोख पैसा, दागिना, कमाई सगळं नवऱ्याचं व्हायचं, वेगळा करार करून ठेवला नसेल तर. १८१६ च्या नायिकेला लग्नाची भीती का वाटते हे यातून कळतं. हीच नायिका 'मग घेईन घटस्फोट' म्हणाली तर लेखिकेने अभ्यास केलेला नाही.

भाषेसाठी एक इशारा. किंडलवर शब्द दाबून धरला की अर्थ येतो, पण रीजन्सी बोलीत तो अर्थ पुष्कळदा चुकीचा असतो. 'फॉक्स्ड' दाबलं तर जुन्या कागदावरचे तपकिरी डाग असा अर्थ येऊ शकतो, पण कथेतला तरुण 'फॉक्स्ड' आहे म्हणजे प्यायलेला आहे. 'ब्लंट' म्हणजे बोथट नव्हे, पैसा. 'सिट' म्हणजे लंडनच्या 'सिटी' या व्यापारी भागातला व्यापारी, तुच्छतेने. 'मशरूम' म्हणजे रातोरात वर आलेला. 'लेग-शॅकल्ड' म्हणजे लग्नाच्या बेडीत अडकलेला. 'टॉन' हा वजनाचा टन नव्हे. फ्रेंचमधून आलेला तो शब्द म्हणजे वरच्या वर्तुळातली मंडळी. आणि 'नॅबॉब' म्हणजे आपला नबाब, पण तिथे अर्थ हिंदुस्थानात पैसा करून परतलेला इंग्रज. गाड्यांनाही अर्थ असतो. कर्रिकल म्हणजे दोन चाकं, दोन घोडे, हाकणारा तरुण आणि ऐटबाज. बरूश म्हणजे चार चाकं, समोरासमोर बैठक, घरंदाज कुटुंबाची. असे तीस-चाळीस शब्द झाले की पुढचं सारं वाचन मोकळं होतं. प्रत्येक शब्दाला थांबू नका. पानात तीनदा आला तरच पाहा. उच्चारांसाठी एखादं ऑडिओबुक ऐका, नाहीतर 'बीचम' असं म्हणायचं नाव आयुष्यभर 'ब्यूचँप' वाचलं जातं.

नेहमीची कादंबरी ३५० ते ४०० पानांची, साधारण नव्वद हजार शब्दांची असते. इंग्रजी सवयीचं नसेल तर मिनिटाला दीडशे शब्द धरा, दहा तास लागतात. रोज तीस पानं वाचलीत तर पंधरवड्याच्या आत पुस्तक होतं. मिल्स अँड बूनची ऐतिहासिक मालिका आखूड असते, पावणेतीनशे-तीनशे पानं.

विकत घेण्याआधी ई-बुकचा नमुना उतरवून घ्या. साधारण दहा टक्के मजकूर फुकट मिळतो, म्हणजे दोन-तीन प्रकरणं. तो संपताना पाहा की दोघांची समोरासमोर बोलाचाली झाली का. झाली नसेल तर पुस्तक कूर्मगतीने जाणार. मग त्यांच्या मधली भिंत कोणती ते एका वाक्यात सांगून पाहा. 'दोघांनी दहा मिनिटं बसून बोललं तर मिटेल' असं उत्तर आलं तर सोडून द्या, कारण पुढची तीनशे पानं ती दहा मिनिटं टाळण्यातच जातात. पैसा, कायदा, आधी दिलेला शब्द, घराण्याचं वैर, जुनी जखम, या भिंती टिकतात. शयनगृहातली वर्णनं किती चालतात हे आपलं आपण ठरवावं. 'ऑल अबाउट रोमान्स' या संकेतस्थळावर प्रत्येक परीक्षणासोबत श्रेणी आणि शृंगाराचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं, 'रोमान्स डॉट आयओ'वर त्याचीच मापपट्टी आहे. घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला पुस्तक देणार असाल तर हे पाहिल्याशिवाय देऊ नका. मुखपृष्ठावर चित्र गोड काढलंय म्हणून आतलं सौम्य असतं असं अजिबात नाही.

एक पुस्तक आवडलं की पुढचं शोधताना 'हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं' या यादीवर विसंबू नका, ती सध्या खपणाऱ्या पुस्तकांकडेच ढकलते. त्याऐवजी काय आवडलं ते नेमकं शोधा. लग्नानंतरचं प्रेम आवडलं असेल तर 'मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स', भांडता भांडता जुळलेलं आवडलं असेल तर 'एनिमीज टू लव्हर्स', कोपऱ्यात बसणारी नायिका आवडली असेल तर 'वॉलफ्लॉवर', आणि या शब्दांसोबत दशक टाका. परीक्षणं वाचायची तर दोन-तीन ताऱ्यांची वाचा. पाच तारेवाला नुसता आनंदलेला असतो, दोन तारेवाला कारण देतो. 'फार संथ, नुसतं घर आणि हिशेब' अशी त्याची तक्रार असेल आणि तुम्हाला तेच हवं असेल, तर पुस्तक तुमचं.

आपल्या देशाची पार्श्वभूमी असलेली पुस्तकंही आहेत, पण ती पाच-सहा इतर वाचून झाल्यावर घ्या, म्हणजे प्रकाराच्या सवयी कोणत्या आणि लेखिकेची चूक कोणती हे वेगळं करता येईल. मेरेडिथ ड्युरन यांची 'द ड्यूक ऑफ शॅडोज' (२००८) १८५७ च्या दिल्लीत सुरू होते. शेरी थॉमस यांची 'नॉट क्वाइट अ हजबंड' (२००९) १८९७ मध्ये वायव्य सरहद्दीवर, स्वातच्या उठावात घडते आणि नायिका डॉक्टर आहे. कोर्टनी मिलन यांच्या 'द हेअरेस इफेक्ट' (२०१३) मध्ये केंब्रिजला कायदा शिकणारा अंजन भट्टाचार्य हा उपकथानकाचा नायक आहे. इंग्रजांच्या सभ्यतेला तोंड देताना रोज किती गिळावं लागतं हे त्याच्या प्रकरणांत फार नेमकं आलंय. या पुस्तकांत शेवटची लेखिकेची टीप आधी वाचली तरी चालेल. काय खरं घेतलं आणि काय कल्पून घातलं ते तिथे सांगितलेलं असतं, आणि शेवट काय होणार ते तर तुम्हाला ठाऊकच आहे.